आठवड्याची चिठ्ठी

बाईंच्या वर्गात पाठ्यपुस्तक नव्हतं. पूर्वी होतं, ते बाईंनी स्वतःच्या हाताने रद्दीत घातलं. 'ही माझी बाग आहे. बागेत फुले आहेत. माझे वडील बागेत बसले आहेत.' असली वाक्यं वाचली की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची.

"कुणाची बाग? कसली फुलं?" त्या म्हणायच्या. "माझ्यासमोर बसलेल्या माणसाला बाग नाही, आणि त्याचे वडील जिवंत आहेत की नाहीत हे त्याचं त्याला ठाऊक नाही. त्याला इथली भाषा शिकवायची ती काय पहिल्याच दिवशी खोटं बोलायला लावून?"

म्हणून नियम एकच. रोज पाच वाक्यं लिहून आणायची आणि पाचही खरी. आज काय खाल्लं, कुणाशी भांडलो, कुठे झोपलो, कुणाला भ्यालो. भाषा चुकली तर चालेल. चुका बाई हिरव्या पेन्सिलीने नीट करत; लाल रंग त्यांनी वर्गात कधी येऊच दिला नाही. पण वाक्य खोटं निघालं तर वही परत. आणि बाईंना ते कळायचं. कसं कळायचं देव जाणे.

"'मी आनंदात आहे' हे तुझं वाक्य नाही," त्या म्हणायच्या. "कुठून उचललंस? जा, परत लिही."

चर्चच्या मागच्या लांबट खोलीत संध्याकाळी साडेपाच ते सात हा वर्ग भरायचा. घडीच्या वीस खुर्च्या, एका कोपऱ्यात तडा गेलेला फळा आणि भिंतीतलं एक कपाट. त्या कपाटात पूर्वी गीतांची पुस्तकं असत, आता वह्या. किल्ली बाईंच्या गळ्यात, क्रुसाच्याच साखळीत. खोलीचं भाडं नव्हतं, बाईंना पगार नव्हता. सकाळी त्या एका शाळेत शिकवत आणि संध्याकाळी इथे, गेली अकरा वर्षं.

येणारी माणसं परमुलखातली. कुणाचे कागद अर्धे, कुणाचे मुळीच नाहीत. त्यात एक होता लाँड्रीत वाफेचा बॉयलर सांभाळणारा. त्याला सगळे बॉयलरच म्हणायचे, आणि त्याचं पोट बघितलं की कुणी त्या नावाचं कारण विचारत नसे. त्याच्या वहीत एकदा लिहिलेलं होतं: 'आज मालकाने मला गाढव म्हटले. मी हसलो. हसणे खोटे होते. गाढव खरे होते, कारण मी दोन पाळ्या केल्या. बाई, हे पाच झाले.'

बाई त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. आणि पाचव्या वाक्याखाली हिरव्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'हे मोजायचं नसतं. पण खरं आहे.'

खरेपणाचं हे वेड त्यांना वडिलांकडून आलं होतं. वडील उपदेशक. निजायच्या आधी ते मुलीला विचारायचे, "आज काय खोटं बोललीस?" ती म्हणाली, "काही नाही," तर म्हणायचे, "नीट आठव." नीट आठवलं की काहीतरी सापडायचंच. असं करत करत चौदाव्या वर्षी एक दिवस खरंच काही सापडलं नाही. तेव्हापासून आज चोपन्नाव्या वर्षापर्यंत बाई खोटं बोलल्या नव्हत्या. हे त्या कुणाला सांगत नसत, पण सगळ्यांना माहीत होतं. असल्या गोष्टी न सांगताच जास्त पसरतात.

प्रार्थनेचंही त्यांचं तसंच. दर बुधवारी चार वाजता चर्चमधल्या सात-आठ बाया जमत आणि एकमेकींच्या अडचणींसाठी प्रार्थना करत. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याच्याबद्दल एका चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. सगळ्या वाचायच्या आणि त्यांतली एक 'आठवड्याची चिठ्ठी' म्हणून निवडायची. ती मावशी घरी नेत आणि सात दिवस तिच्यावर जोर लावत. मावशी म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या, बहात्तर वर्षांच्या, चष्मा रोज कुठेतरी विसरणाऱ्या.

बाकीच्या बाया लिहायच्या, 'गरिबांना साहाय्य कर', 'दुःखितांचे सांत्वन कर'. बाईंना ते ऐकवत नसे.

"कोण गरीब? कुठला?" त्या म्हणायच्या. "मोघम प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेलं पाकीट. तुम्हाला ज्याची काळजी आहे त्याचं घर तुम्हाला माहीत नको? दार माहीत नको?"

बाया मान डोलवायच्या. हळूहळू त्याही तसंच लिहायला शिकल्या. बाई शिकवणार आणि कुणी शिकणार नाही असं कधी झालंच नव्हतं.

त्या वर्षी परमुलखातल्यांच्या नोंदणी कचेरीत नवा साहेब बदलून आला. एका संध्याकाळी तो वर्गात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. शेवटच्या खुर्चीवर बसून त्याने पूर्ण तास ऐकला. सतरा माणसं श्वास रोखून बसली होती. तास संपल्यावर तो म्हणाला, "बाई, फार छान शिकवता. त्या वह्या जरा बघायला मिळतील का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"कायद्याने मागू शकतो मी."

"मग कायदा घेऊन या. हात हलवत येऊ नका."

बॉयलर मागे फिस्सकन हसला आणि लगेच खोकला. साहेबही हसला. म्हणाला, "राहू द्या मग. तुमची मर्जी." आणि निघून गेला. पुन्हा आला नाही, कागद पाठवला नाही, काही नाही. बाईंना वाटलं, आपण जिंकलो. त्या रात्री त्यांनी गुडघ्यांवर बसून देवाचे आभार मानले. तो का आला नाही, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. चांगल्या माणसांचं हे एक वाईट असतं: जिंकलो असं वाटलं की ती तपासायचं थांबतात.

दोन आठवड्यांनी वर्गातला वेल्डर आला नाही. मंगळवार होता. बॉयलर जाऊन बघून आला. तो राहायचा त्या टायरच्या गोदामावरच्या खोलीला कचेरीचं सील होतं.

"शेजारचे म्हणतात, तीन माणसं आली आणि सरळ मागच्या जिन्याने वर गेली," बॉयलर म्हणाला. "बाई, त्या गोदामाला मागून जिना आहे हे गोदामवाल्यालाही धड माहीत नाही."

पुढच्या मंगळवारी लाँड्रीतल्या नवराबायकोच्या दोन खुर्च्या रिकाम्या. त्याच्या पुढच्या मंगळवारी दवाखान्याच्या मुदपाकखान्यात भांडी घासणारे काका. काका दुपारी दोन ते तीन मुदपाकखान्यामागच्या कोळशाच्या खोलीत झोपायचे. त्यांना सव्वादोनला उठवून नेलं.

वर्गात आता कुणी मोठ्याने वाचेना. वह्यांतली वाक्यं आखडली. 'आज ऊन होते. मी जेवलो.' बाई परत लिहा म्हणाल्या नाहीत. रोज दोनदा त्या कपाटाचं कुलूप ओढून बघायच्या. कुलूप शाबूत. वह्या शाबूत. कुणी उघडली तर कळावं म्हणून पानांत त्या आपले केस ठेवून जायच्या, तेही जागच्या जागी.

"बाई," बॉयलर एकदा हळूच म्हणाला, "कुणीतरी आतलंच बोलतंय."

"कोण?"

"ते तुम्ही सांगा. खोटं तुम्हाला कळतं ना."

त्यानंतर बाई एकेका चेहऱ्याकडे बघत राहिल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्याच वर्गाचा संशय आला, आणि त्या पापासाठीही त्यांनी क्षमा मागितली. दुसरं काय करणार? त्यांनी प्रार्थना वाढवली. माणसं जायला लागली तशा त्यांच्या चिठ्ठ्या लांबल्या. जितकं नेमकं लिहू तितकी राखण घट्ट, असा त्यांचा हिशेब. त्या बुधवारी त्यांनी शिंपिणीसाठी लिहिलं.

शिंपीण वर्गातली सगळ्यांत हुशार. तिशीची, बोटांना सुयांची भोकं, जिभेला धार. तिच्याबरोबर तिची म्हातारी आई होती. आईला ऐकू येत नव्हतं आणि कागद तर मुळीच नव्हते. हे शिंपिणीने वहीत कधी लिहिलं नव्हतं. एकदा फळा पुसता पुसता बाईंच्या कानात सांगितलं होतं, एवढंच.

रविवारी उपासना संपली आणि मावशी चष्मा ऑर्गनवर विसरून गेल्या. नेहमीचंच. बाई तो घेऊन त्यांच्या घरी पोचल्या तेव्हा दुपारचा एक वाजला होता. भाजलेल्या कोंबडीचा वास जिन्यापर्यंत आला होता.

"आलीस? बरी आलीस," मावशी आतून ओरडल्या. "मी मघापासून मीठ समजून साखर चाचपतेय. ये, जावईबापू जेवतायत, तूही दोन घास खा."

टेबलाशी बसलेल्या माणसाने मान वर केली. इस्त्रीचा शर्ट.

"बाई! या ना," साहेब म्हणाला. "ओळखलंत का? वह्या दिल्या नव्हत्या तुम्ही मला."

मावशींच्या मुलीने दुसऱ्या शहरात लग्न केल्याचं त्यांना माहीत होतं. जावई बदली होऊन इथेच आला, हे मावशी बोलल्याही असतील. सुना, जावई आणि गुडघे यांत बाईंचं लक्ष कधीच नसायचं.

"पाणी घेते जरा," त्या म्हणाल्या.

"फ्रिजमधलं घे गं, गार आहे."

फ्रिजच्या दारावर सफरचंदाच्या आकाराचं लोहचुंबक होतं आणि त्याखाली बाईंचं अक्षर. हिरव्या पेन्सिलीचं.

'आमच्या वर्गातील शिंपीण. पाण्याच्या टाकीमागची पत्र्याची खोली. आई वृद्ध, ऐकू येत नाही, कागद नाहीत. आईला दार वाजलेले कळत नाही म्हणून शिंपीण कामावर जाताना कडी लावत नाही. प्रभू, या दारावर तुझा हात असू दे.'

त्याखाली दुसरी चिठ्ठी होती. 'वेल्डर. टायरच्या गोदामावर, मागून जिना.' त्याखाली लाँड्रीतले दोघं. सगळ्यांत खाली काका, कोळशाची खोली, दुपारी दोन ते तीन.

"तुझ्याच उचलते मी," मावशी पदराला हात पुसत मागे आल्या. "बाकीच्यांचं काय, गुडघे आणि सुना. तुझ्यात कसं, माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि फ्रिजवर लावली की बरं पडतं. दिवसातून वीस वेळा दार उघडते, वीस वेळा प्रार्थना होते. ते तिघं-चौघं गेले बिचारे, तरी मी चिठ्ठ्या काढल्या नाहीत हो. अजून करते त्यांच्यासाठी."

त्यांच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती खोटी नव्हती. अकरा वर्षं खोटं ओळखायची जी सवय लागली होती तिने बाईंना हेच सांगितलं: ही बाई खरं बोलतेय. हिने खरोखरच वीस वेळा प्रार्थना केली.

"अक्षर फार सुरेख आहे तुमचं," टेबलावरून आवाज आला. "आमच्या कारकुनांना तुमच्याकडे पाठवायला हवं. एक ओळ लिहितात आणि तीन वेळा विचारावं लागतं. तुमचं कसं, वाचलं की निघायचं." त्याने हाड ताटाच्या कडेला ठेवलं. "फक्त या खेपेला एक राहिलं. टाक्या तीन आहेत. टेकडीवरची, स्टेशनमागची आणि डेअरीची. यातली कुठली?"

बाईंनी हातातला मावशींचा चष्मा फ्रिजवर ठेवला.

"आई म्हणतात, तुम्ही जन्मात खोटं बोलला नाहीत."

"नाहीच बोलत ती," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "तिच्या वडिलांनी तसं वळणच लावलं. आम्हाला कुठलं जमतंय! सांग गं, तुझी ती कुठली टाकी? मलाही प्रार्थना करायला सोपं जाईल."

टेकडीवरची. शब्द जिभेच्या शेंड्यावर येऊन बसला होता, चाळीस वर्षांच्या सवयीने. बाईंनी तो गिळला. डेअरीच्या टाकीमागे एक पत्र्याची शेड होती. अकरा वर्षं त्या बसमधून ती बघत होत्या. बाहेरून गंजलेलं कुलूप, दारात वाढलेलं गवत. तिथे कुणी राहत नव्हतं. तिथे गेले तर कुलूप बघून येतील.

"डेअरीची," बाई म्हणाल्या.

किती सोपं होतं. छत कोसळलं नाही, मावशींचा चष्मा फुटला नाही.

"बघा," साहेब म्हणाला, "एका शब्दाचं तर काम होतं." आणि त्याने बटाट्याची वाटी पुढे ओढली.

बाई पाणी प्यायल्या नाहीत. जिना त्या भराभर उतरल्या. आधी लाँड्री. रविवार म्हणजे बॉयलर धुवायचा दिवस. तो एकटाच, काजळीने माखलेला. तिथून दोघं लाँड्रीच्या गाडीतून टेकडीवर.

शिंपीण दारातच शिवत बसली होती. बाईंनी सगळं सांगितलं. चिठ्ठी, फ्रिज, जावई. लपवलं काहीच नाही, तेवढी सवय अजून सुटली नव्हती. शिंपिणीने सुई कापडात खोचली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं, बाई," ती म्हणाली. "देवाला नाही."

"मी तुझ्यासाठी..."

"मला विचारलंत? एकदा तरी विचारलंत, तुझ्या आईचं बहिरेपण डब्यात टाकू का म्हणून?" तिचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "वर्गात म्हणता, दुसऱ्याचं वाक्य उचलायचं नाही. माझं कसं उचललंत?"

बाई म्हातारीचं पांघरूण गोळा करायला लागल्या.

"भांडण नंतर करा," बॉयलर म्हणाला. "आजी, चला! सफर करायची!" म्हातारीला काही ऐकू गेलं नाही, पण त्याचे हातवारे बघून ती बोळक्या तोंडाने हसली. त्याने तिला मळक्या चादरींच्या ट्रॉलीत अलगद बसवलं, वर दोन स्वच्छ चादरी टाकल्या. "इस्त्री करून परत देतो," तो शिंपिणीला म्हणाला. ती हसली नाही.

"कुठे नेतोयस?" बाईंनी तोंड उघडलं आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. "नको. मला सांगू नकोस. कुणीच मला काही सांगू नका."

संध्याकाळी वह्या बॉयलरच्या भट्टीत गेल्या. सतरा वह्या, अकरा वर्षांतल्या जुन्या वेगळ्या. त्याने एकेक टाकली, स्वतःची सगळ्यांत शेवटी.

"गाढव गेलं, बाई," तो म्हणाला.

सोमवारी बाई पाळकांकडे गेल्या. पाळक भला माणूस, सर्वांना चहा विचारणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'अरेरे' म्हणाला.

"पण बाई, मी काय करू? प्रार्थनेवर बंदी घालू? आणि मावशींना काय सांगू, फ्रिजवर लावू नका? जावई घरातला माणूस, त्याला काय डोळे बांधून जेवायला वाढायचं?" मग हात जोडून म्हणाला, "आपण यावर प्रार्थना करू या."

मावशींना सांगितलं तर त्या रडायलाच लागल्या. "माझा जावई? अगं, तो माझ्याबरोबर डोळे मिटून आमेन म्हणतो!" कुणाचाच काही गुन्हा नव्हता. मावशींनी प्रार्थना केली होती, साहेबाने वाचलं होतं, पाळकाने चहा विचारला होता. चार माणसांना नेलं होतं आणि सगळ्यांचे हात स्वच्छ होते. हिरव्या पेन्सिलीचा डाग तेवढा एकीच्या बोटांवर.

मंगळवारी संध्याकाळी वर्गात कुणी आलं नाही. बाई तरी बसल्या. साडेपाचला दार उघडलं. साहेब आत आला आणि पहिल्या दिवशी बसला होता त्याच खुर्चीवर बसला.

"शिंपीण नव्हती तिथे," तो म्हणाला.

बाईंनी पेन्सिल उचलून टोक काढायला घेतली.

"नसणार हे मला रविवारीच कळलं होतं. तुम्हाला सवय नाही ना. खरं सांगताना माणूस जरा थांबतो, विचार करतो. तुम्ही पटकन बोललात." तो वैतागलेला नव्हता. उलट दमल्यावर घरी आलेल्या माणसासारखा सैल बसला होता. "म्हणून बाकीच्या दोन्ही टाक्या आज बघितल्या. टेकडीवरच्या टाकीमागे खोली सापडली. रिकामी. चूल गार. छान केलंत. पण म्हटलं, बाई डेअरी म्हणाल्यात, तर जाऊन यायला काय हरकत आहे? कुलूप होतं बाहेरून. जुनं. आमचा एक माणूस म्हणाला, परत फिरू. दुसरा म्हणाला, थांबा, आत कुणीतरी खोकलं."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"सात माणसं, बाई. मागचा एक पत्रा सरकवून ये-जा करायची, पुढचं कुलूप कधी काढलंच नाही. सर्वांत धाकटं अजून रांगतंय. कुणाच्या यादीत नाहीत, कुणाच्या वहीत नाहीत, कुणाच्या प्रार्थनेतही नाहीत. आम्हाला जन्मात सापडली नसती." तो उठला. खुर्चीची घडी घालून, बाई लावत तशी, त्याने ती भिंतीला नीट लावली. "खोटं बोलणारा माणूससुद्धा कुठलीतरी जागा सांगतोच. एवढ्यासाठीच थँक यू म्हणायला आलो."

तो गेला. अकरा वर्षं बसच्या खिडकीतून त्यांनी ती शेड बघितली होती. बघितली म्हणजे काय बघितलं होतं? एक कुलूप. वर्गात कुणी 'तिथे कुणी राहत नाही' असं लिहून आणलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तू आत जाऊन आलास का? नाही ना? मग परत लिही.

बुधवारी चार वाजता त्या प्रार्थनेला गेल्या. जायचं नव्हतं, पण पाय गेले. मावशी नेहमीच्या जागी, डोळे सुजलेले, चष्मा घरी. डबा मध्ये. बाईंनी पेन्सिल काढली आणि कागद गुडघ्यावर धरला. त्या सात जणांतलं कुणी शिवत होतं का, कुणाचा गुडघा दुखत होता का, खोकलं ते कोण होतं, रांगणारं पोर मुलगा होता की मुलगी. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी लिहिलं: 'सात माणसे.' आणि कागद डब्यात टाकला.

शेजारच्या बाईने तो वाकून वाचला. "एवढंच? नाव नाही, गाव नाही? तुम्हीच तर म्हणता, पत्ता न घातलेलं पाकीट."

"त्याला पत्ता ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मला नाही."

मावशींनी डब्यात हात घालून एक चिठ्ठी काढली. "आठवड्याची ही घेऊ या. मला कुठलं दिसतंय, तूच वाच गं."

ती चिठ्ठी पाळकाच्या बायकोची होती. साधी बाई, वर्षभरापूर्वीपर्यंत 'दुःखितांचे सांत्वन कर' एवढंच लिहिणारी. आता तिचं अक्षर नीट, बारीक, एकेक शब्द जागच्या जागी. 'आमच्या इमारतीच्या तळघरात दोन बहिणी नव्याने राहायला आल्या आहेत. जिन्याखालचे दार. सकाळी सहाला निघतात, चारला येतात. धाकटी फार घाबरलेली असते. प्रभू, या दोघींना...'

चांगली चिठ्ठी होती. वर्गात असती तर बाईंनी तिच्याखाली काही लिहिलंच नसतं, नुसती एक हिरवी रेघ मारली असती.

"वाच ना," मावशी म्हणाल्या.

सात-आठ डोकी खाली झुकली. बाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला. गळ्यातल्या साखळीत कपाटाची किल्ली अजून होती, क्रुसाला लागून. रिकाम्या कपाटाची.

"एका सासूबाईंचे गुडघे," बाईंनी वाचलं, सावकाश, विचार करून, मध्ये जरा थांबत. "फार दुखतात. प्रभू, त्यांना आराम दे."

"आमेन," बाया म्हणाल्या.

बाईंनी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा घातली, आणि ती मुठीत आवळून हात पदराखाली घेतला. समोर पाळकाच्या बायकोने डोळे उघडले होते. आधी तिने डब्याकडे बघितलं, मग बाईंच्या पदराकडे. तिच्या कपाळावर आठी पडली.

"पण बाई," ती म्हणाली, "ही तर माझी चिठ्ठी ना?"

मावशींनी हात पुढे केला. "दे इकडे. घरी चष्मा लावून वाचते मी."